बाक कोणाच्या नावाचा?



माझी माय अंजनगाव सुर्जीची. जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात ती आया आहे. म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढते, आंघोळ घालते, कूस बदलते. बारा तास. व्हरांड्यात सिमेंटचा बाक आहे, त्यावर देणगीदाराच्या बापाचं नाव कोरलंय. त्या बाकावर आयांनी बसायचं नाही. मायला विचारलं, मग बसता कुठं? म्हणाली, "आमाले कायची खुर्ची, बापू? जिन्याखाली टेकतो घटकाभर." तिथंच फिनेलचे डबे, तिथंच तिचा भाकरीचा डबा.

20 डिसेंबरला तिथं गाडगेबाबांच्या फोटोला हार पडला. बाबा आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावचे, जन्म 1876 चा. भाषणवाल्यांनी खराट्याची थोरवी गायली. खराटा धरणारी बाई दाराशी उभी होती. उभीच होती. 1954 मध्ये बाबांनी मुंबईत जे.जे. रुग्णालयापाशी धर्मशाळा बांधली, ती रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यालाही पाठ टेकायला जागा लागते, एवढं त्या माणसाला कळत होतं. हे कुणी बोललं नाही.

कायद्याचं काय? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं 19 वं कलम बघा. जिल्ह्याला निदान एक आश्रम, निदान 150 निराधार वृद्धांची सोय, त्यांचं औषधपाणी, करमणूकसुद्धा. हवंच ते. पण त्यांना उचलणाऱ्या बाईच्या कमरेबद्दल त्या कलमात अक्षर नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात उभ्यानं राबणाऱ्यासाठी बसायची सोय 44 व्या कलमात लिहिली होती. पण वृद्धाश्रम म्हणजे कारखाना थोडाच, ती सेवा! सेवा म्हटलं की मजुरी अर्धी आणि खुर्ची गायब. केरळात कापडदुकानांतल्या बाया बसण्याच्या हक्कासाठी भांडल्या, 2018 मध्ये कायदा बदलायला लावला. तामिळनाडूत 2021 मध्ये तसाच कायदा झाला.

आराम म्हणजे सोफा नव्हे. मायचं अर्धं दुखणं खाटेनं दिलंय. खाट गुडघ्याएवढी, वर भिंतीला चिकटलेली. एकाच बाजूनं वाकून अख्खा माणूस ओढावा लागतो. म्हाताऱ्याला उतरायला खाट बुटकीच हवी, हेही खरं. म्हणून तर वरखाली होणारी खाट लागते. दोन्ही बाजूंनी फिरायला जागा लागते. अंगाखाली चादर घालून दोघींनी सरकवायचं, एकटीनं उचलायचं नाही. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवा. म्हातारा दांडा धरेल, मायची मान नाही धरणार. चाकाची खुर्ची आत जाईल एवढं दार, पाय न घसरेल अशी फरशी. आणि आयांसाठी आतून कडी लागणारी एक खोली, खाट, पंखा, माठ, वेगळा संडास. पैसा नाही म्हणतात. संगमरवरी पाटीला होता.

आता जातीचं. स्वयंपाकघरात दुसऱ्या बाया, न्हाणीघरात आमच्या. ही वाटणी आर्किटेक्टनं केली नाही. पण नकाशा काढताना त्यानं ती बरोबर ओळखली, आणि जिन्याखालची जागा मोकळी सोडली.

तेव्हा आपल्या पोट्ट्यांनी हाताला मिळेल त्या वृद्धाश्रमात जावं. म्हाताऱ्यांना फळं वाटून फोटो काढू नका. आयांना विचारा, बाई, तू बसतेस कुठं? झोपतेस कुठं? लिहून पाठवा, आम्ही छापू.

काल रात्रपाळीला निघताना माय पिशवीत पोतं घडी करून भरत होती. म्हटलं, पोतं कायले?

"फरशी गार लागते," म्हणाली.