बेट्टीच्या पोटात शिरू नका

मायक्रोनेशियातल्या ट्रक लगूनमध्ये, एटेन बेटाजवळ, दुसऱ्या महायुद्धातले एक जपानी बॉम्बर विमान पडले आहे. मित्सुबिशी जी4एम; पण दोस्त राष्ट्रांनी ठेवलेले ‘बेट्टी’ हेच नाव डायव्हरांच्या तोंडी बसले. खोली सुमारे 18 मीटर, पाणी 28-29 अंशांचे, तळाशी वाळू. नाक चेपलेले, एंजिने सुटून दूर पडलेली, बाकी धड आणि पंख जागच्या जागी. डाइव्ह टेबलप्रमाणे 50 मिनिटांहून अधिक वेळ हाताशी असतो, म्हणून नवख्यांनाही तिथे बेलाशक नेले जाते. आमचा आक्षेप या बेलाशकपणाला आहे.

एका टोकाने आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडणे हा तिथल्या डाइव्हचा ठरलेला कार्यक्रम. डायव्हरला त्यात फारसा धोका नाही, हे मान्य. धड दोन्हीकडून उघडे आहे, उजेड दिसत राहतो. धोका विमानाला आहे. गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशी आपण जी पहिली रेक, म्हणजे बुडालेले अवशेष, बघतो ती पोलादी जहाजाची. तिला टाकी आपटली तर टाकीचाच रंग जातो. विमानाचा पत्रा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, तोही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. खाऱ्या पाण्यात तो पोलादी बोल्टांना चिकटून असला की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. ऐंशी वर्षे हे चालू आहे. वर आपले बुडबुडे छताला घासत जातात, तिथे साचलेला जिवंत-निर्जीव थर खरवडला जातो आणि खालचा धातू उघडा पडतो. एका माणसाच्या श्वासाने काही बिघडत नाही. पण तिथे रोज बोटी येतात.

दुसरी गोष्ट वाळूवरची. बेट्टीच्या बाजूला मशीनगन, रेडिओ, आसने नीट मांडून ठेवलेली दिसतात. ती तिथे पडली नव्हती, डायव्हरांनी आतून काढून ठेवली आहेत. फोटो छान येतो, पण रेडिओ कुठे बसवला होता, तोफची कुठल्या खिडकीशी होता, हे वाचण्याची सोय त्याच दिवशी संपली. लगूनमधले अवशेष 1971 पासून कायद्याने संरक्षित आहेत, वस्तू वर आणता येत नाहीत. हातभर बाजूला सरकवणाऱ्याला मात्र आपण चोर म्हणत नाही. म्हणायला हवे.

पापुआ न्यू गिनीतले ‘ब्लॅक जॅक’ आठवा. 11 जुलै 1943 रोजी समुद्रात उतरवलेले हे बी-17 बॉम्बर. आतले दहाही जण वाचले. ते 1986 मध्ये सापडले, आणि आजही त्याची ख्याती उत्तम स्थितीतले विमान अशीच आहे. एक कारण उघड आहे: ते 48 मीटरच्या आसपास आहे. तिथे नायट्रोजनची झिंग चढते, वेळ मिनिटांत मोजावा लागतो, डीकम्प्रेशनची तयारी नसलेला माणूस जातच नाही. बेट्टीला खोलीचे हे कुंपण नाही. ते डाइव्ह लीडरने घालायचे.

म्हणून ट्रकला गट नेणाऱ्या प्रशिक्षकांना सांगणे इतकेच, की ब्रीफिंगमधून ‘आत जाऊ’ हे वाक्य काढा. बाहेरून दोन फेऱ्या, तळापासून मीटरभर वर, बेडकासारखी लाथ. ज्याला स्थिर तरंगता येत नाही त्याने पंखाच्या वर येऊच नये. गुडघे टेकायला तो चौथरा नव्हे. रेकच्या अभ्यासक्रमात आपण दोरी, रीळ, टॉर्च शिकवतो. ते जहाजासाठी. विमानासाठी बॉयन्सीची वेगळी परीक्षा घ्या आणि नापास झालेल्याला बोटीवर बसवा, पैसे भरले असले तरी.

विमानाच्या आत पोहण्याची हौस खरी असते, ती मोडायची गरज नाही. जॉर्डनमध्ये अकाबाला 2019 साली एक ट्रायस्टार प्रवासी विमान डायव्हरांसाठीच मुद्दाम बुडवले. आसनांच्या रांगांवरून खुशाल जा.