मिउरा कुणाची?

लॅम्बोर्गिनीचं नाव निघालं की पुढची गोष्ट ठरलेली. ट्रॅक्टर बनवणारे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी आपल्या फेरारीच्या क्लचची तक्रार घेऊन एन्झो फेरारींकडे गेले, एन्झोंनी त्यांना ट्रॅक्टरवरून हिणवलं, मग फेरुच्चो इरेला पेटले आणि त्यांनी १९६३ साली स्वतःचा मोटार कारखानाच काढला. यशाचे मंत्र देणाऱ्या वक्त्यांना ही गोष्ट फार आवडते. मला तिचा वीट आला आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. फेरुच्चो स्वतःच ती सांगत. पण नुसत्या रागातून गाडी तयार होत नाही.

मिउराच घ्या. नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात तिचा नुसता सांगाडा मांडला होता, मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी उभी राहिली. इंजिनिअर जानपाओलो दल्लारा आणि पाओलो स्तांझानी, न्यूझीलंडचा टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस आणि बेर्तोनेत बॉडी रेखाटणारा मार्चेलो गांदीनी. चौघांपैकी एकानेही तिशी गाठलेली नव्हती. बारा सिलिंडरचं इंजिन मूळ जोत्तो बिझ्झारिनींचं. ते आणि दल्लारा दोघंही आधी फेरारीत होते. म्हणजे फेरारीतून इकडे आलेली खरी मोलाची गोष्ट अपमान की कारागिरी, तुम्हीच ठरवा.

हे इंजिन त्यांनी सीटच्या मागे आडवं बसवलं आणि मिनीसारखं गिअरबॉक्सशी एकाच ओतकामात जोडलं. दोघांना तेलही एकच. पेट्रोलची टाकी पुढे, त्यामुळे ती रिकामी होत आली की भरधाव गाडीचं नाक हलकं व्हायचं. पुढे काही एसव्ही गाड्यांत दोन्ही तेलं वेगळी केली गेली. मिउराचा खरा इतिहास अशा अडचणींचा आणि दुरुस्त्यांचा आहे.

फेरुच्चोंचं श्रेय मी नाकारत नाही. त्यांना शर्यतींत रस नव्हता, तरी पोरांच्या या वेडाला त्यांनी पैसा आणि मोकळीक दिली. भांडणापेक्षा हा मोठेपणा अधिक आहे, पण त्याचे किस्से होत नाहीत.

१९७२ मध्ये त्यांनी कंपनीतला मोठा हिस्सा विकला, १९७४ मध्ये उरलेलाही. १९७८ मध्ये दिवाळं निघालं, मालक बदलत गेले, १९९८ मध्ये कंपनी आउडीकडे आली. बोधचिन्हासोबत क्लचचा किस्साही प्रत्येकाला आयताच मिळाला. मालकाच्या मानापमानाला आपण इतिहास म्हणतो आणि राबणाऱ्यांची नावं तळटीपेत ढकलतो. आपल्याकडच्या उद्योगपतींच्या चरित्रांतही हेच चालतं.

यापुढे कुणी क्लचची गोष्ट सांगू लागलं, तर त्याला एवढंच विचारा: गिअरबॉक्स कुणी बसवला?