सपत्नीक वानप्रस्थ

मागील महिन्यात आमच्या माजघरात एक लहानसा निरोपसमारंभ झाला. आमच्या शेजारचे मास्तर आणि त्यांच्या पत्नी (ह्याही सेवानिवृत्त शिक्षिकाच) धाकट्या कन्येच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघाले होते. थोरल्या चिरंजीवांकडे दोन खेपा झालेल्याच आहेत. ही तिसरी वारी. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेप ह्यांच्या पुड्या बांधून झाल्या, हळदीकुंकू झाले, आणि उठता उठता बाई आमच्या मंडळींस हळूच म्हणाल्या, "वहिनी, आनंद आहेच हो. पण तिकिटे हातात पडली तेव्हा आम्हांला तारीख समजली. जाल का, असे काही कोणी विचारले नाही."

हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत आहे. आणि योगायोग असा की, त्याच सुमारास नेमक्या उलट दिशेने प्रवास करणाऱ्या काही वृद्ध दांपत्यांची माहिती आम्ही जमवीत होतो. आपल्याकडील आजीआजोबा नातवंडांसाठी साता समुद्रापलीकडे जातात. ही मंडळी नातवंडांना घरी ठेवून परक्यांच्या कामासाठी समुद्र ओलांडतात. त्यांचा दिनक्रम वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या एका छपराखाली नांदत आहेत अशा वाचकांस, विचार करण्याजोगा वाटेल.

अमेरिकेतील युटा संस्थानात सॉल्ट लेक सिटी येथे मुख्य ठाणे असलेला आणि १८३० साली स्थापन झालेला एक पंथ आहे. 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे त्याचे पूर्ण नाव. लोक त्यास मॉर्मन पंथ म्हणत आले. पांढरा सदरा घालून जोडीजोडीने हिंडणारे त्यांचे अठरा-वीस वर्षांचे तरुण प्रचारक पुष्कळांनी पाहिले असतील. परंतु ह्याच पंथात साठी ओलांडलेली, नोकरीधंद्यातून मोकळी झालेली जोडपीही सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतच्या मुदतीने परदेशी सेवेस जातात, हे फारसे कोणास ठाऊक नसते. त्यांना पगार नाही. प्रवास, घरभाडे, जेवणखाण हा खर्च आयुष्यभराच्या शिलकीतून करावयाचा. प्रथम अर्ज, मग वैद्याकडून व दंतवैद्याकडून तपासणी, आणि नंतर एके दिवशी पंथाच्या अध्यक्षांच्या सहीचे पत्र येते. ते पत्र दोघांच्या नावे असते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

सारीच जोडपी हसतमुखाने निघतात असे नव्हे. ह्या पंथाचे एक धुरीण रॉबर्ट हेल्स ह्यांनी २००१ सालच्या एका व्याख्यानात वृद्ध दांपत्यांना मागे खेचणारी चार कारणे सांगितली होती: भीती, कुटुंबाची काळजी, योग्य काम मिळेल की नाही ही शंका, आणि पैसा. आम्ही ही यादी घरात वाचून दाखविली तेव्हा आमच्या मातोश्री म्हणाल्या, "ह्यात अमेरिकेचे काय आहे? काशीयात्रेला निघताना आम्हांलाही हीच चार भुते भेटली होती."

ह्या प्रथेतील एक प्रसंग इतिहासात नोंदला गेला आहे. १९७८ च्या जूनपर्यंत ह्या पंथात आफ्रिकी वंशाच्या पुरुषास पौरोहित्याचा अधिकार नव्हता. हा अन्याय दूर झाल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पश्चिम आफ्रिकेत प्रथम धाडली गेली ती तरुण माणसे नव्हेत, तर दोन प्रौढ जोडपी: रेंडेल व रेचेल मेबी आणि एडविन व जॅनथ कॅनन. रेंडेल मेबी तेव्हा सत्तर वर्षांचे होते. घानात पोहोचल्यावर त्यांना काय आढळले? जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचे तेथील एक गृहस्थ १९६४ पासून, म्हणजे चौदा वर्षे, त्या पंथाचा ग्रंथ हाती घेऊन मंडळ्या चालवीत होते आणि कोणीतरी येईल म्हणून वाट पाहत होते. ज्यांना आपण शिकवावयास आलो, त्यांची निष्ठा आपल्याहून जुनी निघावी, हा अनुभव माणसास नम्र करणारा असला पाहिजे.

आज घानाची राजधानी अक्रा येथे अशा जोडप्याचा दिवस कसा जातो? विषुववृत्त जवळ असल्यामुळे तेथे बारा महिने सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. ज्यांनी जन्मभर युटाचे बर्फ उपसले, त्यांना पहाटेपासून अंगास चिकटणारी उष्णता आणि हिवाळ्यात सहाराकडून येणारी हर्मटान वाऱ्याची धूळ प्रथम नकोशी होते. उठल्यावर दोघांची प्रार्थना आणि ग्रंथवाचन होते. नंतर न्याहारी, आणि तिच्यासोबत हिवतापाची प्रतिबंधक गोळी. चहा नाही, कॉफीही नाही. १८३३ पासून त्यांच्या पंथास दोन्ही वर्ज्य आहेत. हे ऐकून आमच्या घरातील तरुण मंडळींनी त्या वृद्धांविषयी अपार करुणा व्यक्त केली! पिण्याचे पाणी गाळून अथवा उकळून घ्यावयाचे, भाजी धुण्यासही तेच वापरावयाचे. परसातील विहिरीवर वाढलेल्या आमच्या पिढीस ह्यात नवल नाही, परंतु नळास तोंड लावून पाणी प्यालेल्यास हा मोठाच व्याप वाटतो.

मग कचेरी. व्याख्याने झोडणे हे ह्या वृद्धांचे काम क्वचितच असते. त्यांच्या वाट्याला येते ते घरातल्या कर्त्या माणसाच्या वाट्याला येते तेच: तरुण प्रचारकांच्या परवान्यांची मुदत पाहणे, त्यांच्या बिऱ्हाडांचे भाडेकरार करणे, मोटारींची दुरुस्ती, टपाल, हिशेब. कोण्या पोरास ताप आला तर रुग्णालयात नेऊन बसावयाचे ते आजीबाईंनी. मधूनमधून ह्या पोरांच्या खोल्यांची पाहणी होते, आणि तेथे खरकटी भांडी व न धुतलेले कपडे ह्यांचे जे दर्शन घडते, ते सर्व देशांत सारखेच असावे असा आमचा तर्क आहे. कोणाचा वाढदिवस आला की आजीबाई केक करतात; कोणास घरची आठवण येऊन रडू कोसळले की जवळ बसवून जेवू घालतात. आपले नातवंड नजरेआड आहे, म्हणून दुसऱ्याच्या नातवंडाच्या पाठीवर हात फिरवावयाचा, असाच हा हिशेब आहे.

सोमवार हा बहुधा बाजाराचा व धुण्याचा दिवस. बाजारात बाया डोईवर घमेली तोलीत चालतात; कसावा आणि केळी कुटून केलेला फुफू, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा बंकू, लालबुंद जोलोफ भात, हे तेथील पदार्थ. संध्याकाळी वीज जाणे हा दुसरा परिपाठ. २०१२ ते २०१६ ह्या काळात तर विजेचा लपंडाव इतका वाढला की, लोकांनी त्यास 'डुमसोर' म्हणजे 'विझले-पेटले' असे नावच देऊन टाकले. रविवारी उपासना, त्यानंतर तेथील नव्या पंचांस नोंदवही कशी ठेवावी हे दाखवणे, मुलांस बाजाची पेटी शिकवणे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपवास करावयाचा आणि वाचलेला पैसा गरिबांस द्यावयाचा. आपल्या एकादशीस दुप्पट खाशी होते, तेव्हा ह्या उत्तरार्धाचा विचार आपणही करावा!

काही जोडप्यांकडे आणखी एक काम असते, ते म्हणजे जुन्या दप्तरांची छायाचित्रे घेण्याचे. पूर्वजांची नावे शोधून त्यांच्या वतीने धर्मविधी करणे हे ह्या पंथास कर्तव्य वाटते. म्हणून जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ते टिपून ठेवतात, आणि त्यांच्या मूळ फिती सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली आहेत. नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेल्यावर आपल्या तीर्थोपाध्यायांनी वही उघडून पणजोबांची मोडी सही दाखविली म्हणजे जो कंठ दाटून येतो, तो ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ह्या कामाचे मोल सांगावयास नको. मात्र मृताची अनुमती न घेता त्याच्या नावे परधर्माचा विधी व्हावा ह्यास पुष्कळांचा आक्षेप आहे, आणि तो आम्हांस रास्त वाटतो.

येथे मनातली गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. मिशनरी हा शब्द आपल्या घरांत निष्पाप नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराची जी वाताहत झाली, ती त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. म्हणून ही दांपत्ये ज्यासाठी जातात त्या हेतूस आम्ही मान डोलावीत नाही. घानाच्या सरकारनेही १९८९ मध्ये ह्या पंथाचे कार्य बंद पाडले होते. ते १९९० च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. परंतु हेतू पटला नाही, तरी जगण्याची रीत पाहण्यास हरकत नसावी.

त्या रीतीत आम्हांस दोन गोष्टी विशेष दिसल्या. पहिली अशी की, तरुण प्रचारकास एक 'साथीदार' नेमून दिलेला असतो आणि त्याने त्यास सोडून कोठेही जावयाचे नसते. वृद्धांच्या बाबतीत हा साथीदार म्हणजे आपलीच पत्नी किंवा आपलाच पती. चाळीस वर्षे एक दिवसभर कचेरीत आणि दुसरे दिवसभर घरात, असा ज्यांचा संसार झाला, ते आता सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच टेबलाशी, एकाच मोटारीत, एकाच कामात असतात. नावाचा काळा बिल्ला दोघांच्याही छातीवर असतो. बाईंस हिशेब अधिक येत असेल तर बुवा भांडी घासतात. आम्ही हे वाचत असता आमच्या मंडळींनी आमच्यापुढील रिकाम्या पेल्याकडे असे पाहिले की, तो आम्हांस स्वहस्ते उचलून मोरीवर नेणे भाग पडले.

दुसरी गोष्ट वियोगाची. आज अक्रात रात्रीचे नऊ वाजले म्हणजे युटात दुपारचे दोन-तीन असतात. रविवारी नातवंडे पडद्यावर दिसतात, दात पडल्याचे दाखवितात. मेबी जोडप्याच्या काळी हे नव्हते, पत्र हाच आधार होता. तरीही पडद्यावरच्या बाळास मांडीवर घेता येत नाही. मागे एखादे नातवंड जन्मते, एखादा भाऊ जातो. सुनेस ऐन गरजेच्या वेळी सासूचा हात मिळत नाही. आमच्या थोरल्या सूनबाईंनी हाच प्रश्न केला: "परक्यांची पोरे सांभाळायला गेल्या, मग घरच्यांची कोणी सांभाळायची?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी तयार उत्तर नाही. एकत्र कुटुंबात आजी ही केवळ आजी नसते, ती घराचा एक खांब असते. खांबास यात्रेस जावेसे वाटले तर छपराने काय करावे?

आपल्या शास्त्रकारांनी ह्याचा विचार केला नव्हता असे नाही. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, मुलाचे मूल पाहिले, म्हणजे गृहस्थाने वनाची वाट धरावी. पत्नीस मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे, असे मनूने म्हटले आहे. ह्या विकल्पात निवड कोणी करावयाची? पतीने. पत्नीची इच्छा कोणी विचारावी, ह्याबद्दल स्मृतिकार मौन धरतात. आणि मास्तरीणबाईंच्या मुलांनी तिकिटे काढताना जे केले, ते ह्याच मौनाचे आधुनिक रूप नव्हे काय? मुले प्रेमळ आहेत, ह्यात शंका नाही. पण प्रेमानेही विचारावे लागते. दोघांच्या नावे आलेल्या त्या पत्राकडे आम्ही पुन्हा वळू म्हणालो होतो, ते एवढ्याचसाठी.

मास्तरीणबाईंचे पत्र गेल्या आठवड्यात आले. कन्या सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली. बारसे झाल्यावर सहा महिन्यांऐवजी तीनच महिन्यांनी परतावे, आणि पुढे वर्षभर कोकणातील एका वसतिगृहात दोघांनी मिळून गणित व संस्कृत शिकवावे, असे त्यांनी योजिले आहे. "ह्यांना विचारले," त्या लिहितात, "तर म्हणाले, मला कुकर लावता येत नाही. मी म्हटले, शिकाल." मुलीस हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही, तिचे उत्तर अद्याप कळावयाचे आहे. त्या मुलीच्या जागी आपण असतो तर काय म्हटले असते, ह्याचा विचार आमच्या वाचकांतील सर्व लेकीसुनांनी, आणि लेकांनीही, एकदा करून पाहावा.