हिरवी पिशवी परसात कुजते का?

मैत्रिणींनो, ‘शेतातल्या कचऱ्यापासून प्लॅस्टिक, तेही मातीत मिसळणारं’ अशी बातमी अधूनमधून येते आणि आपल्याला वाटतं, मग रत्नागिरीची चांदीच! आंब्याच्या बाठ्यांचे ढीग, काजूची बोंडं, नारळाची सोडणं, भाताचा पेंढा. कचऱ्याला इथं काय तोटा?

पण जरा समजून घेऊ या. या प्रकारात सगळ्यात बोलबाला आहे तो पीएलएचा. दूध विरजताना जे लॅक्टिक आम्ल होतं ना, तेच साखर आंबवून कारखान्यात करतात आणि त्याचे रेणू साखळीसारखे जोडतात. ही साखर मात्र बहुतेक ठिकाणी मक्याची नाहीतर उसाची. पेंढ्यातूनही काढता येते, पण त्यातला चिवट सेल्युलोज आधी फोडावा लागतो आणि तिथंच खर्च वाढतो. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. चांगलंच झालं. पण बचत गटाने चुलीवर करावं असं हे काम नव्हे.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर बाजारात हिरवट, मऊ पिशव्या दिसू लागल्या. २०२२ च्या अखेरीस सरकारने कम्पोस्टेबल ताटं, पेले, चमचे यांना प्रमाणपत्राच्या अटीवर मुभा दिली. आमच्या गटाच्या बैठकीत एक विक्रेता सांगून गेला, “ताई, परसात टाका, खत होईल!” होत नाही हो! कम्पोस्टेबल ठरण्याची कसोटी साधारण ५८ अंश उष्णतेत, सहा महिन्यांत ९० टक्के कुजण्याची आहे. एवढी धग मोठ्या खतप्रकल्पात टिकते, माडाच्या आळ्यात नाही. मिरकरवाड्याहून मासळी आणलेली पिशवी गटारातून समुद्रात गेली, तर तिथल्या गार पाण्यात पीएलए वर्ष उलटलं तरी जवळजवळ तसंच राहतं.

त्यापेक्षा पोफळीच्या विऱ्या बघा. भिजवून गरम साच्यात दाबल्या की ताट तयार. ना रसायन, ना साखर, आणि परसात खरोखर कुजतं. गटाला झेपेल असा उद्योग मला तरी हाच वाटतो. आता विरीच्या ताटातून ओली मासळी नेता येत नाही, हे मान्य. त्याला झाकणाचा डबाच हवा.

पिशवी घ्यायचीच झाली तर तिच्यावर ‘कम्पोस्टेबल’ शब्द आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक शोधा. नुसतं ‘इको फ्रेंडली’ छापलेलं असेल तर सरळ परत करा. आणि क्रमांक असला तरी ती पिशवी वेगळी गोळा होऊन कुठल्या खतप्रकल्पात जाते, हे कोण सांगणार? आमच्या गटाने नगर परिषदेला तसा अर्ज द्यायचं ठरवलंय. सध्या सह्या गोळा करतोय.