परवाना आणि चांचेगिरी

पॅट्रिक ओब्रायन ह्यांची 'द लेटर ऑफ मार्क' ही १९८८ सालची इंग्रजी कादंबरी आमच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावी. शिडांचीं व दोरखंडांचीं नांवें वाचतां वाचतां जीव मेटाकुटीस येतो हें खरें, पण सोसावें. नेपोलियनशीं युद्ध चालू असतां जॅक ऑब्रे हा आरमारी कप्तान शेअरबाजारांतील लबाडीच्या खोट्या आरोपावरून बडतर्फ होतो. त्याचा मित्र डॉक्टर मॅच्युरिन 'सरप्राइझ' हें जुनें लढाऊ जहाज विकत घेऊन सरकारी परवाना मिळवितो, आणि कालचा सरकारी कप्तान आज खाजगी लुटीस निघतो. हें कथानक हवेंतलें नव्हे. लॉर्ड कॉक्रेन ह्या नामांकित दर्यावर्दीस १८१४ सालीं अशाच खटल्यांत शिक्षा झाली, व १८३२ पर्यंत त्याला आरमारांत परत घेतलें नाहीं.

हा परवाना म्हणजे काय? शत्रूचें व्यापारी जहाज धरावें, अदालतीपुढें उभें करावें, तिनें लूट कायदेशीर ठरविली कीं मालक व खलाशांनीं वांटून घ्यावी. तेंच कृत्य कागदावांचून केल्यास फांशी! फ्रेंच परवान्यावर सुर्कूफनें १८०० सालीं बंगालच्या उपसागरांत कंपनीचें 'केंट' जहाज धरलें. सेंट मालो येथें त्याचा पुतळा आहे. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानें ही प्रथा बंद झाली.

आतां कान्होजी आंग्र्यांकडे वळूं. ते मराठी राज्याचे सरखेल. १७१३ सालीं शाहू महाराजांनीं त्यांचें पद कायम केलें. त्यांचा दस्तक न घेतां कोंकणकिनाऱ्यानें जाणारें जहाज ते धरीत. ह्या अधिकारास इंग्रजांनीं चांचेगिरी म्हटलें. कागद होता, मोहर इंग्रजांची नव्हती, एवढाच गुन्हा.

तथापि सारा दोष इंग्रजांच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. तुळाजी आंग्र्यांशीं वितुष्ट आलें म्हणून नानासाहेब पेशव्यांनींच इंग्रजांचें साहाय्य घेतलें. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह ह्यांनीं विजयदुर्ग घेतला, आणि त्या बंदरांत मराठ्यांचें आरमार जळालें. सुमारे १० लाख रुपयांची लूट सांपडली. ती आपसांतच कशी वांटावयाची हें इंग्रजांनीं मुंबई सोडण्यापूर्वींच ठरविलें होतें. पेशव्यांच्या फौजेस तींत वांटा नव्हता. पुढें त्याच सालच्या तहानें विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला, परंतु बाणकोट इंग्रजांच्या पदरांत गेलें.