सूत्रे घोकायची की घडवायची?

इतिहास शिकविणाऱ्याने रसायनशास्त्रावर लिहावे, हे काहींना खटकेल. पण वसतिगृहाच्या अभ्यासिकेत आम्ही रोज पाहतो : मुले रेणुसूत्रे मंत्रासारखी घोकतात. मंत्र आम्ही घरातून हद्दपार केले, ते विज्ञानाच्या वहीत कशाला? कळंब-वाशी-भूमकडील ऊसतोड कुटुंबांतील मुलांचा आधीच्या शाळेत संयुजेचा पाठच बुडालेला असतो. मग घोकण्यावाचून उरते काय?

14 एप्रिलपूर्वी भिंतींना चुना लावताना आम्ही विचारतो, हा कोण? चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो कळीचा चुना, कॅल्शियम ऑक्साइड. पाण्यात तो खदखदून कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो आणि भिंतीवर हवेत पुन्हा कार्बोनेट. कॅल्शियमची संयुजा 2, हायड्रॉक्साइडची 1. म्हणून एकाला दोन. कंस विसरला, तर तो 2 एकट्या हायड्रोजनला चिकटतो. गुण तिथेच जातात.

1787 साली लव्हाझिए व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी नामकरणाची नवी पद्धत मांडली. 'ग्लॉबरचे मीठ' पुढे सोडियम सल्फेट झाले. कोणाचे, हे सांगणे सोडून नाव कशाचे, हे सांगू लागले. आडनावावरून जोखल्या जाणाऱ्या आमच्या लेकरांना हे ऐकून नवल वाटते.

मात्र सोडियमला 'एनए' का, हे त्यांना कोणी सांगत नाही. नाव मराठीत, अक्षरे इंग्रजी, मूळ लॅटिन 'नॅट्रियम'! सोडियम, पोटॅशियम, लोह, तांबे, चांदी, सोने, शिसे यांची लॅटिन नावे आधी फळ्याशेजारी लावा. चाचणी नंतर घ्या.