आडवी बाटली, उभा गुत्ता

परवा भोरहून भाटघरला येताना वडापमध्ये विषय निघाला. एक आजी म्हणाल्या, "दारूबंदी करून टाका एकदाची!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. का, ते इथं सांगतो.

मंडळी, चंद्रपूर आठवा. तिथल्या बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठं १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्यांचा संताप शंभर टक्के खरा होता. पण दुकानं बंद झाली तरी पिणारे राहिलेच. शेजारी यवतमाळ, पलीकडं तेलंगणा. माल येत राहिला, फक्त चोरून आणि महाग. पूर्वी जो कर तिजोरीत जायचा, तो आता तस्कराचा नफा झाला. पिणाऱ्याच्या घरातून मात्र जास्तच पैसा गेला. शेवटी मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानंच बंदी उठवली. कारण काय दिलं? अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली!

आता आपला कायदा बघा. परवान्याचं दुकान बंद करायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला पडावी लागतात. अर्ज, सह्यांची पडताळणी, मतदान, सगळं रीतसर. आणि हातभट्टीचा गुत्ता? तो तर आधीच बेकायदा. त्याला मतदानाची गरजच नाही, तरी तो चालतो. मग कायद्याचा सगळा जोर परवानावाल्यावर, आणि गुत्तेवाला निवांत. जो गुत्ता आज बंद होत नाही, तो उद्या जिल्हाबंदी आल्यावर कसा बंद होणार?

"पत्रकार दारूवाल्यांना विकला गेला" असं लिहायच्या आधी पुढचं वाचा. परवाना दिला म्हणजे सरकारचं काम संपलं, हेही मला मान्य नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. तिथं कुठं बंदी होती? गरीब माणूस स्वस्तातलं शोधतो आणि तिथंच मरतो. जून २०२५ मध्ये सरकारनं दारूवरचं शुल्क वाढवलं. वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील, असं सांगितलं. कर एवढा वाढवायचा आणि हातभट्टीकडं डोळेझाक करायची, तर गिऱ्हाईक कुठं वळणार?

गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तरीही तिथं 'मुक्तिपथ'ला २०१६ पासून गावोगाव राबावं लागतंय. नुसता कागद पुरत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

म्हणून माझ्या मागण्या दोनच. भोर आणि राजगड (वेल्हे) तालुक्यांतून दारूवर किती महसूल जातो आणि त्यातला किती व्यसनमुक्तीसाठी परत येतो, हे जाहीर करा. आणि त्यातला ठरावीक वाटा इथल्याच सरकारी दवाखान्यांत व्यसनमुक्तीच्या उपचारांवर खर्च करा.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. वडापमधल्या आजींनाही मी हेच सांगणार आहे. पटत नसेल तर खाली लिहा. शिव्या नकोत, हिशोब द्या.